६ वर्षांचा मुलगा, जीएडी निगेटिव्ह, सी-पेप्टाइड 'नॉर्मल': टाइप १ नाही असं म्हणता येईल का?

भुदरगड_ओपीडी

नमस्कार मंडळी. गारगोटीच्या बाजूचा ६ वर्षांचा मुलगा, वजन १७ किलो. तीन आठवडे सारखी लघवी, तहान, रात्री अंथरूण ओलं, वजन उतरलेलं. रँडम शुगर ४३८, लघवीत कीटोन दोन प्लस. त्याच दिवशी कोल्हापूरला पाठवला. तिथं पीएच ७.२६ निघाला (म्हणजे कीटोनमुळे रक्त आम्लधर्मी झालेलं, अ‍ॅसिडोसिस), इन्सुलिन सुरू झालं आणि पाचव्या दिवशी मुलगा घरी आला. इथपर्यंत सगळं रीतसर.

पुढं पाहुण्यांपैकी कुणीतरी सुचवलं म्हणून घरच्यांनी नवव्या दिवशी परस्पर एका कलेक्शन सेंटरवर भलीमोठी तपासणी करून घेतली. रिपोर्ट असे: एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज) ११.४, हिमोग्लोबिन ९.१, जीएडी (स्वादुपिंडाविरुद्धची एक अँटिबॉडी) निगेटिव्ह. सी-पेप्टाइड (शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सुटणारा रेणू) ०.६ नॅनोग्रॅम प्रति मिली, त्या वेळची शुगर २१२, आणि रिपोर्टवर छापलेली नॉर्मल रेंज ०.५ ते २.०. सीरम इन्सुलिन १८. टीएसएच (थायरॉइडची चाचणी) ७.१. टीटीजी-आयजीए (सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला होणाऱ्या आजाराची चाचणी) २८, मर्यादा २०. व्हिटॅमिन डी १४.

आता वडिलांचं म्हणणं, "जीएडी नाही, अंगात इन्सुलिन हाय, सी-पेप्टाइड नॉर्मल, मग टाइप १ कसला? सुया बंद करून काढा देऊन बघू." माझ्या मते निदानात शंकेला जागा नाही, पण रिपोर्टवरचा एकेक आकडा त्यांना समजावून सांगता आला पाहिजे. शिवाय तालुक्याच्या ठिकाणी असं मूल आलं तर पहिल्या दिवशी कोणतं रक्त, कोणत्या बल्बमध्ये (रक्ताच्या नळीत) आणि किती काढून ठेवावं, हेही कुणीतरी एकदा नीट लिहा.

रंकाळा_पेडिया

डॉक्टर, आधी वडिलांना एवढंच सांगा की इन्सुलिन एक दिवसही बंद करायचं नाही. ज्या मुलाचा पीएच ७.२६ होता त्याचं इन्सुलिन थांबवलं तर काही दिवसांत, कधी दोन-तीन दिवसांतच, तो पुन्हा अ‍ॅसिडोसिसमध्ये जाऊ शकतो. आणि त्या खेपेला पीएच ७.२६ वरच थांबेल असं नाही. निदान लक्षणं, २०० च्या वरची शुगर आणि कीटोन यांवर पहिल्याच दिवशी झालेलं आहे. नंतरचे रिपोर्ट मधुमेहाचा प्रकार ठरवायला मदत करतात, इन्सुलिन द्यायचं की नाही हे त्यांच्यावर ठरत नाही.

आता एकेक आकडा घेऊ.

जीएडी निगेटिव्ह. स्वादुपिंडावर हल्ला चालू असल्याच्या खुणा म्हणून चार अँटिबॉडी बघतात: जीएडी-६५, आयए-२, झिंक ट्रान्स्पोर्टर-८ आणि इन्सुलिनविरोधी अँटिबॉडी म्हणजे आयएए. या मुलाची चारांपैकी एकच झाली. एक निगेटिव्ह आली म्हणून उरलेल्या तिघींबद्दल काहीच ठरत नाही. अगदी लहान वयात बऱ्याचदा आयएए आधी उगवते, जीएडी थोड्या मोठ्या मुलांत जास्त दिसते. आयए-२ आणि झिंक ट्रान्स्पोर्टर-८ जोडल्या की नुसत्या जीएडीत निसटलेली बरीच मुलं सापडतात. त्या दोन्ही आजही करता येतील, बाहेरून दिलेल्या इन्सुलिनचा त्यांच्यावर परिणाम होत नाही. आयएएची वेळ मात्र गेली. इंजेक्शन सुरू झाल्यावर साधारण आठवडा-दोन आठवड्यांत टोचलेल्या इन्सुलिनविरुद्धही अँटिबॉडी तयार व्हायला लागतात आणि चाचणीला दोन्हींतला फरक कळत नाही. नवव्या दिवसाच्या पुढं पॉझिटिव्ह आली तर ती आजाराची की इंजेक्शनची, हे कुणीच सांगू शकणार नाही. म्हणून आता आयएए पाठवून पैसे घालवू नका.

सी-पेप्टाइड ०.६. सगळा घोटाळा छापलेल्या रेंजमुळे झालाय. ०.५ ते २.० ही निरोगी माणसाची उपाशीपोटीची रेंज, म्हणजे शुगर ८०-९० असतानाची. रक्तात शुगर २१२ असेल तर धडधाकट स्वादुपिंडाने त्या क्षणी कितीतरी जास्त सी-पेप्टाइड सोडलं पाहिजे. आकडा ३३१ ने गुणा, ०.६ म्हणजे सुमारे २०० पिकोमोल प्रति लिटर. जुन्या मधुमेहात २०० च्या खालची पातळी तीव्र इन्सुलिन-तुटवड्याची धरतात. हा मुलगा २१२ शुगरवर त्याच उंबरठ्यावर उभा आहे. थोडक्यात, जो आकडा वडील टाइप १ च्या विरोधात दाखवताहेत तो खरं तर आपल्याच बाजूचा आहे.

तरीही त्या आकड्यावर फार जोर देऊ नका. आठवडे न् आठवडे शुगर चढलेली असली की उरलेल्या बीटा पेशी (इन्सुलिन बनवणाऱ्या) काही काळ सुस्त पडतात, म्हणून निदानाच्या सुमाराला सी-पेप्टाइड खरं असतं त्यापेक्षा कमी दिसतं. अ‍ॅसिडोसिसनंतरचे दोन आठवडे ही चाचणी करूच नये, हा संकेत त्यासाठीच. पुढच्या काही महिन्यांत तो १.० किंवा १.५ वर गेला तरी दचकू नका. तो हनिमूनचा काळ, म्हणजे इन्सुलिन सुरू झाल्यावर स्वादुपिंड काही काळ थोडं इन्सुलिन परत बनवतं. प्रकार ठरवण्यासाठी सी-पेप्टाइडची खरी किंमत तीनेक वर्षांनी कळते. तेव्हाही ६०० पिकोमोलच्या वर, म्हणजे साधारण १.८ नॅनोग्रॅम, टिकून असेल तर टाइप १ बद्दल शंका घ्यायची.

सीरम इन्सुलिन १८. हा रिपोर्ट बाजूला ठेवा. मुलाला इन्सुलिन टोचलं जातंय, तेच रक्तात मोजलं गेलं. रेग्युलर किंवा एनपीएच असेल तर मशीन ते पूर्ण मोजतं. ग्लार्जिन, लिस्प्रो, अ‍ॅस्पार्ट यांच्या बाबतीत किटप्रमाणे फरक पडतो, काही किट ते जवळजवळ पकडतच नाहीत. सी-पेप्टाइड मोजायचं कारण हेच. शरीर इन्सुलिन बनवताना तेवढेच सी-पेप्टाइडचे रेणू सोडतं, आणि बाटलीतल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतं.

एचबीए१सी ११.४. हिमोग्लोबिन ९.१ आहे, लोह कमी असणार. लोहाच्या कमतरतेत एचबीए१सी थोडं फुगतं, पण साडेपाचाचं साडेअकरा होत नाही. ११.४ म्हणजे सरासरी शुगर २८० च्या आसपास. पुढची मेख लक्षात ठेवा: लोहाचं औषध सुरू झालं की नव्या लाल पेशी भराभर येतात आणि एचबीए१सी त्यामुळंही उतरतं. तीन महिन्यांनी ७ आलं तर ते सगळं श्रेय इन्सुलिनचं समजू नका, मीटरवरच्या नोंदींशी ताडून बघा.

व्हिटॅमिन डीचा निदानाशी संबंध नाही. कमी आहे तर द्या, इतकंच. टीएसएच आणि टीटीजीबद्दल दुसरं कुणी लिहील, तो विषय मोठा आहे.

बल्ब_सेंट्रिफ्यूज

लॅबच्या बाजूने लिहितो. पहिल्या दिवशी काय काढायचं, याचं उत्तर तसं सोपं आहे: नेहमीचं रक्त, आणि इन्सुलिनचा पहिला डोस जाण्याआधी एक जादा प्लेन बल्ब. बाकी सगळं नंतर मिळतं, इन्सुलिनआधीचं सीरम पुन्हा मिळत नाही. पण त्या बल्बसाठी इन्सुलिन लांबवायचं नाही. शीर सापडत नसेल तर बल्ब गेला तरी चालेल.

१७ किलोच्या मुलात सगळं मिळून ८ मिली पुरतं. त्याच्या अंगात किलोमागे ८० मिलीच्या हिशेबाने साधारण १,३५० मिली रक्त आहे, त्यातलं हे अर्धा-पाऊण टक्का. आई घाबरली तर हा हिशेब सांगावा.

क्रम महत्त्वाचा. आधी प्लेन किंवा जेलचा बल्ब ४ ते ५ मिली, मग जांभळ्या झाकणाचा ईडीटीए २ मिली, शेवटी करड्या झाकणाचा फ्लोराइड १ ते २ मिली. उलटं केलं किंवा एका बल्बमधलं रक्त दुसऱ्यात ओतलं तर ईडीटीए आणि ऑक्झलेटमधलं पोटॅशियम सीरममध्ये उतरतं. मग पोटॅशियम ७ आणि कॅल्शियम ५ असा रिपोर्ट येतो आणि अ‍ॅसिडोसिसच्या मुलात पोटॅशियमवरून भलतेच निर्णय होतात. सलाईनची बाटली ज्या हाताला लावली आहे त्या हातातून रक्त नको. बारीक सुईने जोरात ओढू नका. पेशी फुटल्या की पोटॅशियम खोटं वाढतं, आणि सीरम इन्सुलिन मोजायचंच असेल तर ते खोटं उतरतं.

प्लेन बल्ब अर्धा तास उभा ठेवून गुठळी होऊ द्या, मग ३,००० आरपीएमवर १० मिनिटं फिरवा. ४ मिलीतून दीड-दोन मिली सीरम निघतं. मूल सुकलेलं असेल तर रक्त दाट असतं, मग त्याहून कमी. लगेच तीन छोट्या कुप्यांत विभागा, प्रत्येकी अर्धा मिली. एक अँटिबॉडीसाठी, एक सी-पेप्टाइडसाठी (अ‍ॅसिडोसिस नसेल तरच), एक थायरॉइड आणि सिलिअ‍ॅकसाठी.

या तिघींचा स्वभाव वेगळा. अँटिबॉडी चिवट असतात, २ ते ८ अंशांत आठवडाभर टिकतात. गारगोटीहून बर्फाच्या पॅकमध्ये कोल्हापूर, तिथून कुरियरने मुंबई-पुणे, काही बिघडत नाही. सी-पेप्टाइड सीरममध्ये नाजूक असतं. वेगळं करून लगेच गोठवलं नाही तर आकडा घसरतो, आणि मग तो घसरलेला आकडा 'स्वादुपिंड संपलं' म्हणून वाचला जातो. उणे २० चा फ्रीझर नसेल तर ज्या लॅबकडे पाठवता तिला विचारा, ईडीटीए प्लाझ्मा चालतो का. ईडीटीएमध्ये सी-पेप्टाइड खोलीच्या तापमानाला २४ तास तग धरतं. बहुतेक कलेक्शन सेंटरवाले सवयीने प्लेन बल्बच भरतात.

घरगुती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यावर भरवसा नको. फ्रॉस्ट-फ्री फ्रीज अधूनमधून स्वतःच गरम होऊन बर्फ वितळवतो, वर लाइट गेली की सीरम वितळून पुन्हा गोठतं. आणि एसटीने सॅम्पल पाठवताना डबा ड्रायव्हरशेजारच्या बॉनेटवर ठेवायची पद्धत सोडा राव. एप्रिल-मे महिन्यात तिथं हात ठेववत नाही.

एचबीए१सीचा ईडीटीए बल्ब फ्रीजमध्ये ठेवा, गोठवू नका. शक्यतो एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणाऱ्या) पद्धतीनं करून घ्या आणि ग्राफ मागून घ्या. सिकलसारखं वेगळं हिमोग्लोबिन असेल तर ग्राफमध्ये वेगळं शिखर दिसतं, नुसत्या आकड्यात ते दिसत नाही. त्या मुलांत, आणि नुकतंच रक्त चढवलेल्या मुलांतही, फ्रुक्टोसामाइन (मागच्या दोन-तीन आठवड्यांची सरासरी शुगर दाखवणारी चाचणी) करावं.

फॉर्मवर चार गोष्टी लिहाच: रक्त काढल्याची वेळ, पहिल्या इन्सुलिनची तारीख-वेळ, त्याच क्षणाची शुगर, आणि मूल बायोटिन (एक व्हिटॅमिन) घेतं का. बायोटिन ५-१० मिलिग्रॅमच्या डोसात काही मशीनवर सी-पेप्टाइड आणि टीएसएच खोटं कमी दाखवतं. दोन-तीन दिवस बंद करून मग रक्त काढावं. सोबत शुगर नसलेलं सी-पेप्टाइड वाचताच येत नाही, तरी तसे रिपोर्ट ढिगाने निघतात.

अ‍ॅसिडोसिसच्या मुलाचे पहिले रिपोर्ट वाचताना काही ठरलेल्या चकवा देणाऱ्या गोष्टी आहेत, त्याही लिहून ठेवतो. पांढऱ्या पेशी जंतुसंसर्ग नसतानाही वाढलेल्या असतात. अमायलेज-लायपेज तिपटीपर्यंत चढू शकतं, तेवढ्यावरून स्वादुपिंडाला सूज म्हणू नये. क्रिएटिनिन जुन्या जाफे पद्धतीनं केलं असेल तर कीटोनमुळे जास्त दिसतं. सोडियम शुगरमुळे कमी दिसतं: १०० च्या वरच्या दर १०० शुगरमागे २ मिळवा. शुगर ५०० आणि सोडियम १२८ असेल तर खरं १३६ धरायचं. सीरम दुधासारखं पांढरं आलं तर ट्रायग्लिसराइड प्रचंड आहेत, तेव्हा सोडियमच काय, बरेच आकडे संशयास्पद. लघवीची कीटोन पट्टी अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट मोजते. मूल सुधारत असताना बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट या दुसऱ्या कीटोनचं रूपांतर त्यातच होतं, म्हणून पट्टी आणखी गडद होते आणि सगळे घाबरतात. बोटाच्या रक्तावर चालणारं कीटोन मीटर असेल तर तेच बघा: ०.६ च्या आत ठीक, ३ आणि वर म्हणजे अ‍ॅसिडोसिसची पातळी.

इचलकरंजी_टीटीजी

टीएसएच आणि टीटीजीवर मी लिहितो.

आजारपणातून उठताना टीएसएच तात्पुरतं चढतं. नवव्या दिवशीच्या ७.१ वर थायरॉक्सिन सुरू करू नका. सहा-आठ आठवड्यांनी, मूल खातंपितं आणि शुगर आवरलेली असताना, टीएसएच, फ्री टी-४ आणि टीपीओ (थायरॉइडविरोधी) अँटिबॉडी एकत्र करा. टीएसएच १० च्या वर किंवा फ्री टी-४ कमी असेल तर उपचार. टीपीओ पॉझिटिव्ह पण बाकी ठीक, तर दरवर्षी बघत राहा.

टीटीजी २८, मर्यादा २०. म्हणजे दीडपटही नाही. टाइप १ च्या नव्या मुलांत असा किंचित वाढलेला टीटीजी पुष्कळदा आपोआप उतरतो. तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा करा, सोबत एकूण आयजीए. एकूण आयजीएच कमी असेल तर टीटीजी-आयजीए कधीच वाढणार नाही, त्या मुलांना आयजीजी प्रकारची चाचणी लागते. दहापटीच्या वर आला तर पोटाच्या डॉक्टरांकडे लगेच पाठवा.

आपल्या भागातली अडचण वेगळीच आहे. मधुमेह म्हटलं की घरातली मोठी माणसं पोराची चपाती बंद करतात आणि ज्वारीची भाकरी सुरू करतात. भाकरी, भात, तांबडा-पांढरा रस्सा, यात ग्लुटेन नाही. सहा महिने हेच खाल्लं तर सिलिअ‍ॅक असूनही टीटीजी उतरतो आणि आपण 'बरं झालं, निगेटिव्ह' म्हणून फाइल बंद करतो. चाचणीआधी किमान ६ आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत गहू पोटात गेला पाहिजे: चपाती, ब्रेड, शेवया, काहीही. भाकरीने शुगर वाढत नाही हा समजही तेवढ्यातच मोडून काढा. कार्बोहायड्रेट तिच्यातही भरपूर असतं, मोजून इन्सुलिन दोन्हीला लागतं.

आज निगेटिव्ह आलं तरी दोन वर्षांनी आणि पाच वर्षांनी सिलिअ‍ॅक पुन्हा बघावं. जुलाब, पोटफुगी, उंची खुंटणं किंवा कारण नसताना वारंवार शुगर कमी होणं असेल तर त्याआधीच.

करवीर_ओल्डस्कूल

मला एक कळत नाही. ६ वर्षांचं बारीक मूल, अ‍ॅसिडोसिस, महिन्याच्या आतली लक्षणं. यात चार-चार अँटिबॉडी करून उपचार बदलणार आहे काय? त्या पैशात दोन महिन्यांच्या स्ट्रिप्स येतात. दिवसाला चार-सहा वेळा शुगर बघायला स्ट्रिप्स नाहीत आणि हातात झिंक ट्रान्स्पोर्टरचा रंगीत रिपोर्ट, हे उलटं चाललंय. पूर्वी शुगर आणि कीटोनवर उपचार होत होते, पोरं जगत होती.

रंकाळा_पेडिया

करवीरसाहेब, निम्मं पटलं. पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर स्ट्रिप्स, यात वादच नाही. पण अँटिबॉडी मागायची ठोस कारणं असतात. मूल ६ महिन्यांच्या आतलं असेल तर तो टाइप १ जवळजवळ नसतोच. तिथं थेट जनुकीय तपासणी करायची, कारण त्यातल्या काही बाळांचं इन्सुलिन सुटून सल्फोनिलयुरिया गोळीवर भागतं. तीन पिढ्यांत तरुणपणीच मधुमेह, मानेवर काळपट जाड कातडी आणि वजन जास्त, पोटात सतत दुखणं आणि एक्स-रेमध्ये स्वादुपिंडात खडे, डोळ्यांची नस सुकणं किंवा कमी ऐकू येणं, किंवा शुगर बरेच दिवस चढलेली असूनही कीटोनचा पत्ता नाही, अशा मुलांत चारही अँटिबॉडी आणि मग पुढची दिशा. भुदरगडच्या मुलात यातलं काही दिसत नाही. तिथं आयए-२ आणि झिंक ट्रान्स्पोर्टर-८ करायचं एकच कारण: वडिलांना पटवायला कागद हवा. ते कारणही मी हलकं मानत नाही, कारण सुया बंद झाल्या तर पोर जाईल.

परवडत नसेल तर बल्ब_सेंट्रिफ्यूज यांनी सांगितलेली पहिल्या दिवसाची कुपी गोठवून ठेवा. वर्षभराने शंका आली तर तेव्हा पाठवता येते. आणि हो, चारही निगेटिव्ह आल्या तरी टाइप १ बाद होत नाही, थोड्या मुलांत अँटिबॉडी सापडतच नाहीत.

आणखी एक. अँटिबॉडीचे एकक आणि मर्यादा किटप्रमाणे बदलतात. एका किटवर जीएडी ५ च्या वर पॉझिटिव्ह, दुसऱ्यावर १० च्या वर. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून 'अँटिबॉडी कमी झाली, गुण येतोय' असा अर्थ काढायचा नाही. अँटिबॉडीची पातळी उपचाराचं मोजमाप नव्हे, ती पुन्हा पुन्हा करायची गरज नाही.

भुदरगड_ओपीडी

सगळ्यांचे आभार. ०.६ आणि २१२ एकत्र वाचायचं, हे वडिलांना कागदावर मांडून दाखवतो. एक उपप्रश्न. हनिमून सुरू झाला हे सी-पेप्टाइड परत न करता ओळखता येतं का? कारण डोस कमी झाला की हेच घरचे 'बघा, बरा झाला' म्हणणार.

रंकाळा_पेडिया

येतं, आणि फुकटात येतं. एचबीए१सीमध्ये दिवसाच्या एकूण इन्सुलिनची किलोमागची युनिट चारने गुणून मिळवा. बेरीज ९ किंवा कमी असेल तर हनिमून चालू आहे असं धरतात.

समजा तीन महिन्यांनी वजन २० किलो, दिवसाचं एकूण इन्सुलिन ९ युनिट, एचबीए१सी ६.८. किलोमागे ०.४५ युनिट, गुणिले चार म्हणजे १.८. बेरीज ८.६, म्हणजे हनिमून. वर्षभराने तेच मूल २२ किलो, १८ युनिट आणि एचबीए१सी ७.४ असेल तर ०.८२ गुणिले चार म्हणजे ३.३, बेरीज १०.७. हनिमून ओसरला. फक्त तुमच्या मुलाचं हिमोग्लोबिन ९.१ आहे, तेव्हा लोहाचा कोर्स पुरा होईपर्यंत या बेरजेतल्या एचबीए१सीवर डोळे झाकून विसंबू नका.

हनिमून काही आठवडे टिकतो, क्वचित दोन वर्षं. त्या काळात डोस उतरवावा लागतो, नाहीतर शुगर धाडकन खाली येते. पण शून्यावर आणत नाहीत. वडिलांना आत्ताच, हनिमूनआधीच, सांगून ठेवा की डोस कमी होणार आहे आणि नंतर परत वाढणार आहे. आधी सांगितलेलं असलं की ते निदानाचाच भाग वाटतं. मागाहून सांगितलं तर तीच सारवासारव वाटते.

एचबीए१सी दर तीन महिन्यांनी. लिपिड प्रोफाइल आत्ता नको, चढलेल्या शुगरमध्ये ट्रायग्लिसराइड हमखास वाढलेले येतात. लघवीतलं अल्ब्युमिन आणि डोळ्यांचा पडदा, हे ११ वर्षांच्या आसपास किंवा वयात येताना, आजाराला दोनेक वर्षं झाल्यावर.

वडणगे_आई

डॉक्टर, मधेच विचारते. माझ्या मोठ्या मुलाला टाइप १ आहे, धाकटी ३ वर्षांची. तिचं जीएडी करून घ्यावं का? तिला सध्या काहीच त्रास नाही.

रंकाळा_पेडिया

ताई, नुसतं जीएडी नको. करायचं तर चारही, कारण या वयात आयएए आधी दिसते, आणि तिला इन्सुलिन चालू नसल्यामुळे तिच्या बाबतीत ती चाचणी नीट वाचताही येते. पाश्चात्त्य देशांतल्या आकडेवारीप्रमाणे टाइप १ च्या मुलाच्या भावंडाला हा आजार होण्याची शक्यता शंभरात पाचच्या आसपास असते. म्हणजे बहुतेक भावंडांना तो होत नाही.

एकच अँटिबॉडी किंचित वाढलेली आली तर घाबरायचं नाही, पुन्हा करून बघायची, पुष्कळदा ती टिकत नाही. दोन किंवा जास्त अँटिबॉडी दोनदा पॉझिटिव्ह आल्या तर मात्र शुगर नॉर्मल असली तरी ती आजाराची पहिली पायरी धरतात. अशा मुलांपैकी साधारण ७० टक्क्यांना दहा वर्षांत लक्षणांसह मधुमेह होतो. फायदा असा की मूल बेशुद्ध होऊन दवाखान्यात येण्याआधीच आजार पकडता येतो. लांबवणारं औषधही आहे, टेप्लिझुमॅब. अमेरिकेत २०२२ च्या नोव्हेंबरात ते मंजूर झालं तेव्हा ८ वर्षांवरच्या आणि शुगर बिघडायला लागलेल्या मुलांसाठी होतं. तुमच्या मुलीच्या अँटिबॉडी अजून तपासलेल्याच नाहीत, त्यामुळं आज त्याचा प्रश्न येत नाही. पॉझिटिव्ह आल्यावर दर काही महिन्यांनी तपासण्या करत राहायची तयारी असेल तर करा. नसेल तर रिपोर्ट नुसता काळजी वाढवेल.

बल्ब_सेंट्रिफ्यूज

ताई, टेस्ट करा अगर करू नका, घरात मीटर आहेच. धाकटीला फार तहान, फार लघवी किंवा सुटलेली सवय मोडून अंथरूण ओलं व्हायला लागलं तर लगेच बोटाची शुगर बघा. बघण्याआधी हात साध्या पाण्याने धुऊन कोरडे करा. उसाचा रस, गूळ किंवा केळं बोटाला चिकटलेलं असेल तर मीटर २५०-३०० सुद्धा दाखवतं. सॅनिटायझर लावून भागत नाही, साखर तशीच राहते. पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. धुतलेल्या बोटावरही २०० च्या वर आली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, सकाळच्या उपाशीपोटीच्या तपासणीची वाट बघू नका. रात्र असेल, उलट्या होत असतील किंवा श्वास जोरात चालला असेल तर थेट सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा लहान मुलांचा अतिदक्षता विभाग असलेलं जवळचं रुग्णालय.